वॉल्टरच्या नावाच्या चिठ्ठ्या

उमेळ्याच्या आमच्या आळीत अकरा घरं आहेत, आणि अकरा घरांत कामाचा माणूस एकच, अशी सगळ्यांची पंधरा वर्षं ठाम समजूत होती. त्या माणसाचं नाव वॉल्टर. उरलेल्या दहा घरांत आम्ही राहतो. आम्ही जेवतो, झोपतो, रविवारच्या मिस्सेला चर्चमधली पुढची बाकं अडवतो आणि कुठे काही अडलं की म्हणतो, "वॉल्टरला सांगा."

वॉल्टर सासष्ट वर्षांचा आहे. आयुष्यभर कारखान्यात फिटर होता, आता घरामागच्या वाडीत केळी आणि थोडी अबोली करतो. बुटका, काटक, बोलायला कमी. 'नाही' म्हणायला त्याला कुणी शिकवलंच नाही. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, रुडॉल्फ मास्तर. चाळीस वर्षं मुलांना शब्द शिकवले, पण हा एक शब्द शेजाऱ्याला शिकवायचं राहून गेलं. का राहिलं, तेच सांगायला बसलो आहे. त्यात माझी शोभा होणार आहे, पण इलाज नाही.

वॉल्टर आळीचा प्रमुख होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, मोठा मान असेल. मान असतो, वर्षातून एकदा, आळीच्या क्रुसाच्या सणाला पहिला हार घालतानाचा. बाकी वर्षभर ओझं. ऑक्टोबरात कोणत्या घरी कोणत्या दिवशी रोजरीची प्रार्थना, ते प्रमुखाने ठरवायचं, आणि दोन घरांनी एकच दिवस मागितला की दोन्हीकडचे टोमणे खायचे. कुणी आजारी पडलं की त्याला दवाखान्यात न्यायचं. बांधावरून भाऊ भांडले की मध्ये पडायचं आणि दोघांचाही दुश्मन व्हायचं. वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, इमारतवाल्यांनी डबर टाकलं की जाऊन उभं राहायचं. आणि मयत झालं तर घरोघर खबर द्यायची. फोनवर नाही. दारात उभं राहून, माणसाच्या तोंडाकडे बघून सांगायचं, अशी आमची रीत आहे.

हा प्रमुख निवडायचीही आमची एक रीत आहे. येशूला दगा देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा उरलेल्या अकरा प्रेषितांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मथियाचं नाव निघालं. आमच्या वाडवडिलांनी हे फार मनावर घेतलं. मतं नकोत, गट नकोत, देव काय ते सांगेल. म्हणून दर तीन वर्षांनी, मे महिन्यात, क्रुसाच्या सणाला रोजरी संपली की अकरा घरांच्या अकरा चिठ्ठ्या वाटीत टाकायच्या आणि आळीतल्या सगळ्यात नव्या सुनेने एक उचलायची. उरलेल्या न उघडता मेणबत्तीवर जाळायच्या, म्हणजे 'थोडक्यात वाचलो' असं कुणी म्हणायला नको.

चिठ्ठ्या लिहायचो मी. माझं अक्षर चांगलं आहे.

पहिल्या खेपेला, पंधरा वर्षांपूर्वी, सगळं चोख झालं. अकरा नावं लिहिली, वॉल्टरचं निघालं. तीन वर्षांनी पुन्हा सण आला आणि सोमवारी सकाळी केनी माझ्याकडे येऊन बसला. केनीचं घर माझ्या समोरचं. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर पलीकडच्या गावालाही अर्धीच कळायची, म्हणून थोडी चाळून लिहितो.

"मास्तर, आमच्या घराची चिठ्ठी या येळेला नका टाकू. कॅल्विनची दहावी हाय. कोनाला बोलू नका."

मी म्हटलं, बरं. एका घराने काय होतंय? मंगळवारी रोवेना आली. नवरा वारलेला, घरात पुरुष माणूस नाही, बाईमाणसाचं कोण ऐकणार, म्हणाली. या रोवेनाच्या जिभेला गावातले कुत्रेसुद्धा भितात, पण मी मान डोलावली. बुधवारी ऑस्कर, त्याची रात्रपाळी. शनिवारपर्यंत नऊ घरं येऊन गेली. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि शेवटचं वाक्य एकच, कोनाला बोलू नका. दहावं घर माझं. त्यासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही.

राहिला वॉल्टर. एक चिठ्ठी वाटीत टाकून सोडत कशी काढणार? मी अकरा चिठ्ठ्या घेतल्या आणि अकराही चिठ्ठ्यांवर, चंद्र-काना सांभाळून, 'वॉल्टर' लिहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते माझ्यासाठीच.

संध्याकाळी त्याचं नाव निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'देवाचीच निवड', केनी सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. जो तो समजत होता की आपण एकटेच सुटलो, बाकीचे दहा जण प्रामाणिकपणे वाटीत होते. वॉल्टर मात्र नाव ऐकून दगडासारखा उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला तेव्हा वाटलं, कामाच्या धास्तीने असेल. त्याच आठवड्यात त्याने दारू सोडली, जी सोडवायला बायको व्हेरोनिका वीस वर्षं नवस बोलत होती. रोज सकाळी बायबल उघडून बसायला लागला. पुढाऱ्याने सेवक व्हावं, ही ओळ आम्ही प्रवचनात ऐकतो आणि बाहेर येऊन चपला शोधतो. हा माणूस ती ऐकून गटारात उतरला, कारण गटार तुंबलं होतं.

एकदा चाललेली लबाडी पुढे रीतच होऊन बसते. दर तीन वर्षांनी नऊ घरं येत राहिली. केनीकडे कॅल्विनची दहावी झाली, मग इंजिनिअरिंग, मग शेवटचं वर्ष, मग नोकरी. कारणांना तोटा नव्हता. मी लिहीत राहिलो.

मग वॉल्टरचे गुडघे गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन्ही बदला, तीन महिने घरात बसा, उशीर केलात तर कायमचे बसाल. हे झालं चार वर्षांपूर्वी. वॉल्टर म्हणाला, "देवानं नेमलंय. त्यानं सोडल्याबिगर मी कसा सोडू?" गेल्या खेपेला पुन्हा नाव आलं तेव्हा त्याने ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. काठी घेऊन, दर दहा पावलांवर थांबत, तो मयताची खबर द्यायला फिरायचा. मी खिडकीतून बघायचो आणि खिडकी लावून घ्यायचो.

यंदा सणाच्या आधी व्हेरोनिका आली. माझ्या ओटीवर बसली आणि रडायलाच लागली.

"मास्तर, तो बोललाय, या येळेला नाव नाय आलं तर सोमवारी ऑपरेशनची तारीख घेतो. आलं तर नाय. डॉक्टर बोलतात हे शेवटचं वर्ष. तुमी चिठ्ठ्या लिवता. त्याच्या नावाची नका टाकू. देवाचा गुना मला लागू दे."

मी तिला शब्द दिला. खरंच दिला. सणाच्या सकाळी टेबलाशी बसलो आणि दहा घरांची दहा नावं लिहिली, माझं धरून. मग केनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. यंदा कॅल्विनचं लग्न झालं होतं आणि घरात पाहुण्यांची ये-जा अजून संपली नव्हती. रोवेनाची जीभ आठवली. आपलंच नाव निघालं तर, तेही आठवलं. एक वॉल्टर तेवढा कधी कुणावर ओरडला नव्हता. मी दहाही चिठ्ठ्या फाडल्या आणि अकरा नव्या केल्या. यावर मी कुठलंही कारण देणार नाही. आजही ते आठवलं की मला माझी शिसारी येते.

संध्याकाळी सगळे क्रुसापाशी जमले. शेजारच्या वाडीतले हरिभाऊही आले. ते आमच्या धर्माचे नाहीत, पण सणाचे उकडलेले चणे आणि केळी खायला चाळीस वर्षं न चुकता येतात आणि क्रुसाला लागणारी फुलं त्यांच्याच वाडीतली असतात. वाटी मी पुढे केली. सगळ्यात नवी सून म्हणजे केनीच्या कॅल्विनची बायको टिफनी, नायगावच्या टॉवरमध्ये वाढलेली, ऑफिसात काम करणारी, चटपटीत मुलगी. तिने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली आणि वाचली.

"वॉल्टर अंकल!"

टाळ्या झाल्या. व्हेरोनिकाने तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. वॉल्टर काठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून उभा राहिला. मी जाळण्यासाठी वाटी परत घ्यायला हात पुढे केला.

"एक मिनिट ना, मास्तर अंकल," टिफनी म्हणाली. "सेकंड कोण आलं असतं ते तरी बघू या." आणि मी काही म्हणायच्या आत तिने दुसरी चिठ्ठी उघडली.

"अय्या, यावर पण वॉल्टर अंकल!" तिसरी उघडली. चौथी उघडली. मग तिचा आवाज हळू झाला. "सगळ्यांवर वॉल्टर अंकलच आहेत. प्रिंटिंग मिस्टेक आहे का?"

तिला रीत ठाऊक नव्हती, म्हणून आळी वाचली. माहीत असलेल्या सुनांनी पंधरा वर्षांत एकदाही वाटीत डोकावून पाहिलं नव्हतं.

केनी ओरडला, "मास्तर, ही काय भानगड?"

इतर कुणी विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण केनीने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. "तू विचारतोस? तू? पहिला आलास तू! कॅल्विनची दहावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न! आता नातवाचं बारसं सांगशील! आणि रोवेना, घरात पुरुष नाही म्हणून तुला सूट! ऑस्कर, तुझी रात्रपाळी बारा वर्षं संपत नाही का?" मी नऊच्या नऊ घरांची नावं आणि कारणं म्हणून दाखवली. शेवटी माझंही नाव घेतलं. म्हटलं, "आणि दहावा चोर मी. मी तर कारणसुद्धा दिलं नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ऑस्करने रोवेनाकडे पाहिलं, रोवेनाने केनीकडे. 'तू पण?' असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कुणाला कुणावर चिडायची सोय राहिली नव्हती.

वॉल्टर क्रुसाच्या पायरीवर बसला. "मास्तर, दर येळेला असंच?"

"पहिली खेप सोडून. ती खरी होती. दुसऱ्यापासून मी केलं."

"म्हनजे देवानं मला कायच नाय सांगितलं?"

"नाही, वॉल्टर. मीच लिहिलं."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. पण त्याने मान वर केली तेव्हा तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "बरं झालं गं बाय," तो व्हेरोनिकाला म्हणाला. "बारा वर्स मी त्याला रोज इचारतोय, मीच का, मीच का. तो कायच बोलंना. त्याला तरी काय ठाव!"

त्या हसण्याने माझ्या छातीवरची धोंड उतरली. मग त्याने डोळे पुसले. "पन मास्तर, दारू मी दुसऱ्या येळेलाच सोडली. ती कोनाच्या सांगन्यावरून सोडली मग?"

"कोनाच्या का असंना," व्हेरोनिका डोळे पुसत कडाडली, "सोडलीस ती सोडलीस. परत धरायचं नाव काढलंस तर गुडघे मीच तोडीन!"

तेव्हा कुठे सगळे हसले. पण हसून प्रश्न सुटला नव्हता. वॉल्टर सुटला तर आळीचं कोण बघणार? पुन्हा खऱ्या चिठ्ठ्या टाका, कुणीतरी पुटपुटलं, आणि लगेच दोघा-तिघांनी खोकायला सुरुवात केली. हरिभाऊ चण्यांचा द्रोण घेऊन कडेला बसले होते. ते म्हणाले, "माझा काही बोलायचा अधिकार नाही. पण मढं उचलायला चार खांदे लागतात, आणि तुम्ही जिवंत आळी एका माणसाच्या खांद्यावर टाकलीत. तो पडला की पुढचा धरणार? कामं वाटून घ्या की. अकरा घरं आहात."

मी कपाळावर हात मारला, कारण ही गोष्ट मी वर्गात शंभरदा सांगितली होती. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो, हे काही खरं नाही, तू झिजून जाशील आणि लोकही झिजतील, माणसं नेम, ओझं वाटून दे. इथ्रो मोशेच्या लोकांतला नव्हता. परक्या देवाचा पुजारी होता. शहाणपण बाहेरून आलं म्हणून मोशेने ते नाकारलं नाही. आमच्याकडे ते चणे खात आलं.

कामं तिथेच, क्रुसाच्या पायरीवर वाटली गेली. भांडणं सोडवायचं काम रोवेनाला द्यावं, असं ऑस्करने थट्टेत सुचवलं आणि ते सगळ्यांत फळलं. तिच्यापुढे उभं राहण्यापेक्षा लोक आपसांत मिटवतात. ऑस्करला दवाखाना दिला. रात्रीचं कुणी आजारी पडलं तर जागायची सवय त्यालाच. केनीला गटार आणि बावखल, तेही सुनेसमोर, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. टिफनीने रोजरीचे दिवस स्वतःहून मागून घेतले आणि तिथल्या तिथे मोबाइलवर यादी करायला लागली. मयताची खबर द्यायचं काम कुणी घेईना. ते मी मागितलं. वॉल्टरला काहीच दिलं नाही. तो दोनदा विचारायला लागला, "मग मी काय करू?" व्हेरोनिका म्हणाली, "झोप."

सोमवारी त्याने तारीख घेतली. जूनमध्ये एक गुडघा झाला, मग दुसरा. दोन्ही नीट झाले. आळीतून रोज कुणी ना कुणी डबा घेऊन गेलं. मी गेलो नाही. व्हेरोनिकाला दिलेला शब्द मोडून मी त्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, तिच्या घरात कुठल्या तोंडाने पाय ठेवू? फादरांपुढे पापांगीकार केला, क्षमा मिळाली, तरी त्या फाटकापर्यंत जाववेना.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या घरातली नव्वद वर्षांची म्हातारी झोपेतच गेली. सकाळी सात वाजता मी पहिल्यांदा खबर द्यायला निघालो. चहाच्या कपांचा आवाज येत असलेल्या दारात उभं राहायचं, लोक हसून 'या मास्तर' म्हणतात, आणि मग त्यांचं हसू आपल्या तोंडच्या वाक्याने पुसायचं. तीन घरं होईपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली. हा माणूस पंधरा वर्षं हे करत होता, त्यातली शेवटची चार काठी टेकत. चौथं घर वॉल्टरचं होतं. आता टाळता येणार नव्हतं.

तो ओटीवर खुर्चीत बसला होता, शेजारी वॉकर. मी खबर दिली. त्याने क्रुसाची खूण केली, म्हातारीसाठी थोडं पुटपुटला आणि मला बसायला सांगितलं. आतून व्हेरोनिकाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. गेली नाही, दारातच उभी राहिली.

"व्हेरोनिका, मला माफ कर," मी म्हटलं.

"पानी प्या," ती म्हणाली. "तोंड सुकलंय तुमचं."

मी प्यायलो. मग धीर करून वॉल्टरला विचारलं, "एक सांग. त्या दुसऱ्या खेपेला सगळी आळी माझ्याकडे नाव काढून घ्यायला आली. एक तू सोडून. तू का नाही आलास?"

"आलोतो की."

"कधी?"

"सोमवारी सकाळी. तुमच्या फाटकाची कडी पन काढलेली. मला नकोच होतं ते काम, पहिल्या तीन वर्सांतच जीव नकोसा झालेला. पन आत केनी बसलेला. त्याचा आवाज आला, पोराची दहावी बोलत होता. म्हटलं, एक सुटला. आता मी पन सुटलो तर बाकीच्यांवर पडंल. कडी लावली नि परत गेलो." त्याने वॉकर जवळ ओढला. "आन मग नाव माझंच आलं. मी पळायला निघालेलो ना, मास्तर, देवापासून पळालेल्या योनासारखा. वाटलं, देवानं मला तुमच्या फाटकात बघितलं. म्हनून दारू सोडली. म्हनून परत कधी 'नाय' बोललो नाय."

चिठ्ठ्यांत देव नव्हता, ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या मी लिहिल्या होत्या. पण त्या सोमवारी सकाळी आळीत एकच माणूस दुसऱ्यांचा विचार करून मागे वळला होता, आणि त्याच वेळी मी चार हातांवर आत बसून केनीला बरं म्हणत होतो.

"किती घरं राहिली अजून?" वॉल्टरने विचारलं.

"पाच."

"मग बसलात काय? उठा. लोकांनी आपल्या तोंडून ऐकायला पायजे, दुसऱ्याकडून नाय."

मी उठलो आणि पुढच्या दाराकडे चालायला लागलो.